शरीर पुढे गेलं, तरी वय साडेसातच आहे

(रावेर तालुक्यातल्या एका आईच्या पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

मुलगी साडेसात वर्षांची, दुसरीत शिकते. दिवाळीनंतर आंघोळ घालताना आईला तिच्या उजव्या स्तनाग्राखाली बोराएवढी कडक गाठ लागली. हात लावला की पोर कळवळायची. दोन महिन्यांत डाव्या बाजूलाही तसंच झालं. घामाला मोठ्या माणसासारखा वास येऊ लागला. वर्गात ती सगळ्यांत उंच आहे. गावातल्या डॉक्टरांनी "हार्मोनचं दिसतंय, मोठ्या डॉक्टरांना दाखवा, इंजेक्शनं लागतील" एवढंच सांगितलं. सासूबाई म्हणतात, डेअरीच्या दुधानं आणि ब्रॉयलर कोंबडीनं हे झालं. जाऊबाई म्हणतात, इंजेक्शनं घेतली तर पुढे मूल होणार नाही. मुलीचे पप्पा गप्प झाले आहेत, तिला मांडीवर घेत नाहीत, गाडीवर पुढे बसवत नाहीत. आईनं तिचं अंगणात खेळणं बंद केलं आणि फ्रॉकवर जाकीट घालायला लावलं. एकदा मुलीनं विचारलं, "मम्मी, माझं काय चुकलं?" आई विचारते: मी तिला काय चुकीचं खाऊ घातलं? इंजेक्शनं द्यावीत का? आणि हे सगळं तिला जास्तीत जास्त दिवस कळू नये म्हणून काय करावं? अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा माहेरी येणार आहेत, घरात चर्चा नको म्हणून डॉक्टरांकडे त्यानंतरच जावं, असंही घरात ठरतंय.

ताई,

तुमचे तीन प्रश्न आहेत, पण मी मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करते. "माझं काय चुकलं?" हे तिला का वाटलं, ते तिच्या बाजूनं पाहा. खेळणं बंद झालं. मार्चच्या उन्हात जाकीट अंगावर आलं. पप्पांची मांडी गेली. आई आंघोळ घालताना छातीकडे बघते आणि तिचा चेहरा उतरतो. कारण मात्र कुणीच सांगत नाही. एवढ्या वयाचं लेकरू अशा वेळी दोष स्वतःकडेच घेतं. म्हणजे ज्या गोष्टीपासून तुम्ही तिला लांब ठेवू बघताय, ती तिला केव्हाच कळली आहे. फक्त ती तिला अर्धवट कळली आहे, आणि त्या अर्ध्यात तिच्या वाट्याला फक्त अपराध आला आहे.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: लपवू नका. कसं सांगायचं ते पुढे लिहिते. त्याआधी हे आहे काय, ते तुम्हाला नीट कळायला हवं, नाहीतर सांगताना तुमचाच आवाज कापेल.

मुलींच्या छातीची वाढ साधारण ८ वर्षांनंतर कधीही सुरू होते. ८ पूर्ण होण्याआधी सुरू झाली, तर तिला अकाली वयात येणं म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर 'प्रिकॉशस प्युबर्टी' असं लिहिलेलं दिसेल. यात आजचं वय धरत नाहीत, सुरुवात कधी झाली ते धरतात. तुमच्या मुलीची सुरुवात दिवाळीनंतरची, म्हणजे सात वर्षं आणि काही महिन्यांची, तेव्हा तपासणी हवीच. पण गाठ या शब्दानं तुमच्या पोटात गोळा आला असेल, तर तो आधी जाऊ द्या. छातीची वाढ अशीच सुरू होते. स्तनाग्राखाली कडक, दुखरी चकती येते, बऱ्याचदा एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला काही महिन्यांनी. तुमच्या मुलीत अगदी हेच घडलं. हा कॅन्सर नाही.

इथे मला जरा जोरात बोलू द्या. ही गाठ दाबू नका, तेल लावून चोळू नका, शेकू नका. आणि कुणी "छोटंसं ऑपरेशन करून काढून टाकू" म्हणालं, तर त्या खुर्चीवरून उठून घरी या. त्या चकतीतूनच पुढे स्तन वाढतो. ती कापली तर त्या बाजूची छाती कधीच नीट वाढत नाही, आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. ज्यांच्या घरात सहा-सात वर्षांची मुलगी आहे आणि असं काही लागलं आहे, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, काय खाऊ घातलं. पत्रात तुम्ही दुधापासून मॅगीपर्यंत सगळं लिहून काढलंय, जणू कोर्टात जबाब द्यायचाय. ताई, एवढ्या लहान वयात हे होतं तेव्हा मुलींमध्ये बहुतेक वेळा कुठलंही वेगळं कारण सापडतच नाही. मेंदूतली जी यंत्रणा दहाव्या-अकराव्या वर्षी जागी व्हायची, ती लवकर जागी झालेली असते. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला इशारा देते, ती ग्रंथी बीजांडकोशांना, आणि बीजांडकोश इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन तयार करू लागतात. काही घराण्यांत हे आनुवंशिक असतं. आणि सासरी बोलणारे लोक एक गोष्ट विसरतात, म्हणून मुद्दाम सांगते: अशा आनुवंशिक प्रकारांतलं सगळ्यांत जास्त आढळणारं एक जनुक असं आहे, की त्यातला बिघाड वडिलांकडून आला तरच परिणाम दिसतो, आईकडून आला तर दिसत नाही. तेव्हा "तुझ्याकडचं आहे" असं कुणी म्हणालं, तर त्या म्हणण्याला पाया नाही. उलट "पप्पांकडचं" म्हणून भांडण काढायचीही गरज नाही.

दुधाचं. म्हशीला पान्हा सोडायला जे इंजेक्शन चोरून देतात ते ऑक्सिटोसिनचं. ते प्रथिनासारखंच असतं, दुधातून पोटात गेलंच तर तिथे पचून मोडतं, त्यानं मुलगी वयात येत नाही. जनावराला असं इंजेक्शन देणं हा त्या मुक्या जिवावरचा अत्याचार आहे आणि बेकायदा आहे, ते बंद व्हायलाच हवं, पण तुमच्या मुलीच्या छातीशी त्याचा संबंध लावू नका. ब्रॉयलर कोंबडी झपाट्यानं वाढते ती निवडलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. दूध बंद करू नका. तिची हाडं आत्ता वाढीत आहेत, दूध, कडधान्यं, अंडी, कळण्याची भाकरी, पालेभाज्या, सगळं तिला लागतं. "उष्ण पडतं" म्हणून तीळ, गूळ, शेंगदाणे, वांगी काढून टाकायचीही गरज नाही. घरात उपासासारखं खाणं सुरू झालं, तर पोर अशक्तही होईल आणि स्वतःला आजारीही समजेल.

वजनाचा मुद्दा मात्र खरा आहे. अंगात चरबी जास्त असलेल्या मुली लवकर वयात येतात, असं बऱ्याच ठिकाणी दिसलं आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत मुलं घरात कोंडली गेली, तेव्हा अनेक देशांतून आणि भारतातूनही अकाली वयात येणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. तुम्ही वजन लिहिलेलं नाही, म्हणून तुमच्या मुलीबद्दल बोलत नाही. पण तिचं अंगणातलं पळणं बंद करून तुम्ही तिला घरात, मोबाईलजवळ बसवलंय, आणि हे नेमकं उलट्या दिशेला जाणं आहे. तिला आधीपेक्षा जास्त खेळू द्या. पुड्यातलं खाणं आणि बाटलीतलं गोड पाणी कमी करायचं तर सगळ्या घरानं करावं, एकट्या तिच्या ताटातून वजा करू नये.

आणखी एक गोष्ट तपासा. घरात कुणी संप्रेरकाचं, म्हणजे हार्मोनचं, मलम किंवा जेल वापरतं का? 'ताकदीची' म्हणून आणलेली पावडर, जडीबुटीचं चूर्ण, भूक वाढायचं औषध तिला कुणी दिलंय का? असेल तर ती डबी, ती पुडी पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. क्वचित कारण तिथेच सापडतं. फवारणीच्या औषधांचं म्हणाल, तर ती घराबाहेर कुलपात असावीत आणि त्यांच्या रिकाम्या डब्यांत पाणी भरू नये. हे तर दर घरी पाळायला हवं, मूल कुठल्याही वयाचं असो.

तर मग घाई कशाची? दोन गोष्टींची. एक म्हणजे उंची. आज ती वर्गात सगळ्यांत उंच आहे, सासूबाईंना त्याचं कौतुकही वाटत असेल. पण केळीच्या बागेत राहणाऱ्यांना हे सांगणं सोपं आहे: केळी निसवली, घड बाहेर पडला, की नवं पान फुटत नाही. इस्ट्रोजेन हाडांना आधी भराभर वाढवतं आणि मग हाडांच्या टोकाची वाढीची जागा लवकर बंद करतं. आज उंच दिसणारी मुलगी मोठेपणी बुटकी राहू शकते ती अशी. दुसरी गोष्ट पाळी. छातीची वाढ सुरू झाल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते. हा हिशेब तिला लावला तर ती तेव्हा चौथीत असेल. काहींत हे सगळं सावकाश चालतं, काहींत वेगानं. हा वेग मोजायला तज्ज्ञ लागतो.

तपासणीत काय होतं ते सांगते, कारण अर्धी भीती न माहीत असल्याची आहे. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक एक्स-रे काढतात, त्यावरून हाडांचं वय कळतं. साडेसात वर्षांच्या मुलीच्या हाडांचं वय साडेनऊही निघू शकतं. हा एक्स-रे भुसावळला, जळगावला कुठेही होतो. रक्तात एलएच आणि एफएसएच (पिट्युटरीची वयात आणणारी हार्मोनं), इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) आणि थायरॉइड बघतात. थायरॉइड फारच मंद असेल तर त्यानंही छाती वाढू शकते, आणि ते गोळीनं सुधारतं, म्हणून ही साधी तपासणी चुकवू नका. कधी एक इंजेक्शन देऊन ठरावीक वेळानं पुन्हा रक्त घेतात, मेंदूचा इशारा खरंच सुरू झालाय का ते त्यातून कळतं. पोटाची सोनोग्राफी पोटावरूनच होते. तुम्ही लिहायचं टाळलंय, पण प्रश्न दिसतो आहे: अंगाच्या आतून तपासणी करतील का? नाही, याला तिची गरज नसते. डॉक्टर छाती हातानं बघतात, केस आलेत का पाहतात, अंगावर कॉफीच्या रंगाचे मोठे डाग आहेत का बघतात. तुम्ही सोबत असणार. तपासण्याआधी मुलीला विचारावं, असं तुम्ही डॉक्टरांना सांगू शकता.

मेंदूचा एमआरआय प्रत्येकीला लागत नाही. सहा वर्षांच्या आत सुरुवात झालेल्या मुलींना, आणि मुलग्यांना, तो बहुधा सांगतात. सहा ते आठच्या मधल्या मुलींत लक्षणं आणि वेग पाहून ठरवतात. सांगितलाच तर घाबरू नका, त्यात एक्स-रेचे किरण नसतात, आवाज मात्र मोठा असतो, तेवढं पोरीला आधी सांगून ठेवा.

यातली काही लक्षणं असतील तर मात्र दिवस मोजत बसायचं नाही: सततची डोकेदुखी आणि उलट्या, दिसण्यात फरक, झटके, पोटात गोळा किंवा जोराचं दुखणं, महिन्या-दोन महिन्यांत भराभर होणारे बदल. आणि छातीची वाढ नसताना चड्डीला रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ते जखमेचं असू शकतं, आत काही गेल्याचं असू शकतं, कुणी इजा केल्याचंही असू शकतं. हा विचार नकोसा वाटतो, तरी तो टाळायचा नाही.

इंजेक्शनांचा निर्णय डॉक्टर आणि तुम्ही मिळून घ्याल, आणि तो आज पत्रातून घेता येणार नाही. काय बघून तो घेतात, ते सांगते. सहा वर्षांच्या आत सुरुवात झाली असेल तर उंचीसाठी फायदा जास्त, म्हणून उपचाराकडे कल असतो. सहा ते आठमध्ये सुरुवात झालेल्या कितीतरी मुलींत हे सावकाश सरकतं. तीन ते सहा महिन्यांनी उंची मोजत राहिलं, तर त्यांना औषध न देताही ठीक उंची मिळते. नुसते केस आणि घामाचा वास, छाती वाढलेली नाही, असंही काहींत असतं, आणि ते बहुधा निरुपद्रवी निघतं. एक-दोन वर्षांच्या तान्हुलीची छाती थोडी फुगते, तीही बहुतेक आपोआप ओसरते. यातलं तुमच्या मुलीचं कुठलं, ते एक्स-रे, रक्त आणि काही महिन्यांतली वाढ सांगेल.

इंजेक्शन लागलंच, तर ते महिन्यानं किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. मेंदूतला तो इशारा त्यानं झोपी जातो, वाढ थांबते किंवा मंदावते. पहिल्या डोसनंतर क्वचित थोडं रक्त दिसतं, टोचल्या जागी दुखतं, डोकं दुखू शकतं. साधारण अकराव्या वर्षाच्या आसपास इंजेक्शनं बंद करतात, आणि मग तिचं शरीर जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं. पाळी बहुधा वर्ष-दीड वर्षात येते. जाऊबाईंना सांगा, ही औषधं १९८०च्या दशकापासून वापरात आहेत, ती घेतलेल्या मुली मोठ्या झाल्या, त्यांना पाळी आली, मुलंबाळं झाली. ती घेतली म्हणून मूल होत नाही, असं आढळलेलं नाही. जाऊबाईंची काळजी खोटी नाही, मायेतूनच आलेली आहे, पण तिच्यावर मुलीचा उपचार अडकू नये.

अखाजीपर्यंत थांबायचं म्हणता. दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही, हे खरं. पण अखाजीनंतर पाहुणे, मग लग्नसराई, मग पेरणी, असं करत घरात वर्ष निघतं, ते तुम्हालाही माहीत आहे. एक्स-रे आणि रक्त या आठवड्यात होऊ शकतं, त्याला नणंदांची परवानगी लागत नाही. आणि अखाजीला गौराई मांडायला, बाकीच्या पोरींबरोबर गाणी म्हणायला आणि झोक्यावर बसायला तिला जाऊ द्या. झोका उंच गेला आणि फ्रॉक उडाला, म्हणून कुणी डोळे वटारले, तर तुम्ही त्या माणसाकडे बघा, पोरीकडे नको.

जाकीट काढा, ताई. आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, त्यात पोर उकडून निघेल आणि लोकांचं लक्ष उलट जाईल. आत मऊ सुती शमीज पुरते. गाठ दुखते म्हणून घट्ट काही नको. घामाचा वास रोजच्या आंघोळीनं आणि सुती कपड्यांनी आटोक्यात राहतो. आंघोळ ती एकटी करू म्हणाली तर करू द्या, आणि अजून आईच हवी असेल तर तीही तक्रार नाही.

आता सांगायचं कसं. मोठं भाषण नको. भाजी निवडताना, केस विंचरताना, असं हातात काही काम असताना बोललं की सोपं जातं. "बेटा, तुझं शरीर मोठं व्हायला लागलंय. माझंही झालं होतं, आजीचंही, सगळ्या बायकांचं होतं. तुझं जरा लवकर सुरू झालंय, म्हणून आपण डॉक्टरांना दाखवणार आहोत. तुझं काहीच चुकलेलं नाही. खेळ मी बंद केला होता, तो आता पुन्हा सुरू." एवढं पुरे. ती विचारेल तेवढंच पुढे सांगा. सात वर्षांची पोर दोन प्रश्न विचारते आणि पळून जाते, मग आठ दिवसांनी तिसरा विचारते.

पाळीबद्दलही तिला आधीच कळायला हवं. तुम्ही लिहिलंय, तुम्हाला अकराव्या वर्षी पाळी आली तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं आणि तुम्हाला वाटलं पडून आतून लागलंय. तुमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची असू शकते. तपासणीनंतर, डॉक्टर म्हणतील त्या अंदाजानं, तिला सांगा की चड्डीला रक्त दिसलं तर घाबरायचं नाही, आईला नाहीतर शाळेतल्या बाईंना सांगायचं. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड आणि एक चड्डी असू द्या. वर्गशिक्षिकांना तुम्ही स्वतः भेटा. त्या समजून घेतील. आणि त्यांना एक विनंती आवर्जून करा: ही उंच आहे म्हणून तिच्याकडून मोठ्या मुलीसारखी अपेक्षा ठेवू नका. अशा पोरींचं मोठं दुःख इथे असतं. पडली, रडली, की "एवढी मोठी झाली तरी रडते?" असं ऐकायला मिळतं. तिचं मन दुसरीतल्या मुलीचंच आहे. ते शरीराबरोबर पुढे पळत नाही. तिला बाहुली हवी असेल, तुमच्या कुशीत झोपायचं असेल, तर ते तिच्या वयाला शोभणारंच आहे.

याच कारणानं तिला अंगाच्या भागांची नावं आणि "नको" म्हणायची सवय द्या. ती मोठी दिसते म्हणून काही माणसं तिच्याशी तशी वागू बघतील. छातीवर शेरा मारणारा, गंमत म्हणून हात लावणारा, मग तो पाहुणा असो की दुकानदार, हे तिनं तुम्हाला येऊन सांगायचं आणि तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवायचा. लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२चा पोक्सो कायदा अशा स्पर्शालाही लागू होतो, आणि मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तिला कोंडून ठेवणं हे संरक्षण होत नाही. बोलू शकणारी मुलगी जास्त सुरक्षित असते.

मुलीच्या पप्पांना हे पत्र वाचायला द्या. भाऊ, तुम्ही लाजेनं मागे सरलात, हे मला कळतं. आपल्याकडे बापानं कुठे थांबायचं हे कुणी शिकवत नाही, म्हणून बाप एकदम सगळंच थांबवतो. पण तिला दिसतं ते एवढंच, की पप्पांना मी आता आवडत नाही. तिला गाडीवर बसवा, डोक्यावरून हात फिरवा, जेवताना शेजारी घ्या. ती स्वतः अंग चोरेल तेव्हा तुम्ही सांभाळून घ्याल, आत्ता ती अंग चोरत नाही. आणि डॉक्टरांकडे तुम्हीही जा. तुमची उंची तिथे मोजायची असते, मुलीच्या उंचीचा अंदाज आई आणि बाप दोघांच्या उंचीवरून काढतात.

सासूबाईंबद्दल तुम्ही थोडंच लिहिलंय, पण "लवकर शहाणी झाली तर लवकर बघावं लागेल" हे त्यांचं वाक्य मला खटकत राहिलं. पाळी येणं म्हणजे संसाराला तयार होणं, हे मानणाऱ्या पिढीतल्या त्या आहेत, त्यांच्या भीतीचा राग नको. पण उत्तर ठाम द्या. मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय १८ आहे, पाळी नवव्या वर्षी आली तरी तेच आणि पंधराव्या वर्षी आली तरी तेच. आणि पाळी आली तर तिला बाहेर बसवायचं नाही, शिवाशिव पाळायची नाही. नऊ वर्षांच्या पोरीला चार दिवस कोपऱ्यात बसवलं तर ती काय समजेल, हे त्यांनाच विचारा. कितीतरी आज्या या प्रश्नावर गप्प होतात, कारण त्यांना त्यांचा स्वतःचा कोपरा आठवतो.

ज्यांच्या घरी मुलगा आहे त्यांच्यासाठीही थोडं. मुलाला ९ वर्षांच्या आत वृषणं मोठी दिसू लागली, लिंग वाढलं, केस आले, आवाज फुटला, तर "पोरगं लवकर जवान झालं" म्हणून कौतुक करू नका. मुलांमध्ये हे कमी वेळा होतं, पण होतं तेव्हा आत काही कारण असण्याची शक्यता मुलींपेक्षा बरीच जास्त असते. त्याला लगेच दाखवा.

कुठे जायचं? आधी बालरोगतज्ज्ञ. जळगाव आणि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नंदुरबारलाही आहे. तिथला बालरोग विभाग सुरुवातीच्या तपासण्या करून पुढची चिठ्ठी देतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांच्याकडूनही जिल्हा रुग्णालयात पाठवून घेता येतं. लहान मुलांचे हार्मोनचे डॉक्टर नाशिक, पुणे, मुंबई या मोठ्या शहरांत भेटतात. मुंबईत परळचं वाडिया हे मुलांचं रुग्णालय आहे, तिथे हा विभाग आहे. इंजेक्शनं महाग असतात आणि काही वर्षं चालतात, म्हणून सुरू करण्याआधीच पूर्ण खर्च विचारा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, कुठल्या योजनेत काय बसतं ते त्यांना विचारायचं. परवडेना म्हणून मध्येच डोस चुकवण्यापेक्षा हे आधी बोललेलं बरं.

जाताना फाईलमध्ये एवढं असू द्या: लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या उंची-वजनाच्या नोंदी, गाठ पहिल्यांदा कधी लागली ती अंदाजे तारीख, तुमची पहिली पाळी वयाच्या कितव्या वर्षी आली, आणि सासू, आत्या, मावशी यांचं आठवत असेल तर तेही. नोंदी सापडल्या नाहीत तर तारखा असलेले जुने फोटो चालतात. चौकटीवर पेन्सिलनं तिची उंची आखत असाल तर ते आकडे सोन्याचे आहेत. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतात. त्यापेक्षा बरीच जास्त वाढ दिसली, की डॉक्टरांना तिथेच वेग कळतो.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या, नाहीतर तिथे गेल्यावर निम्मे विसरतात: हाडांचं वय किती निघालं, वाट पाहिली तर काय आणि उपचार केला तर काय फरक पडेल, पुन्हा कधी यायचं, मध्ये काय दिसलं तर आधी यायचं. त्याच कागदावर खाली थोडी जागा सोडा आणि पेन तिच्या हातात द्या. दुसरीतल्या मुलीला लिहिता येतं. तिला काय विचारायचंय ते तिनंच लिहावं, आणि डॉक्टरांना तिनंच विचारावं.